उजनीच्या पाण्यावरची पहिली सकाळ : भिगवणला पक्षी पाहायला कसं जावं

भिगवणला पक्षी पाहायला जायचं ठरलं की मला फोन येतात आणि प्रश्न ठरलेले असतात. होडीचे किती घेतात, राहायची सोय आहे का, फ्लेमिंगो आलेत का. मी आधी एकच विचारते, "उजनी सध्या किती टक्के आहे, पाहिलंस का?" पलीकडे क्षणभर शांतता. पक्ष्यांच्या सहलीला निघालेल्या माणसाने धरणाची टक्केवारी कशाला पाहायची?

पाहायची, कारण हा धरणाचा फुगवटा आहे. भीमा अडवून साठवलेलं हे पाणी पावसाने चढतं आणि उतरतं ते कालव्यांमुळे, उसामुळे, सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीत सोडलेल्या आवर्तनांमुळे. पक्षी कुठे उतरतील, होडी कुठपर्यंत जाईल, काठाला चिखल असेल की बाभळी अर्ध्या पाण्यात असतील, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. तो वाचता आला की अर्धी सहल घरीच जमते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी धरण वाचा

उजनी धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण तोंडी सगळे उजनीच म्हणतात. पाणी मात्र भिंतीपाशी थांबत नाही. करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड अशा तालुक्यांच्या कडेकडेने ते मागे पसरत जातं. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही पक्ष्यांसाठी नावाजलेली गावं या मागच्या भागात आहेत. इथली जमीन सपाट आणि पाणी उथळ. भिंतीजवळच्या खोल पाण्यात लांब पायांचा पक्षी करणार काय? म्हणून नकाशावर 'उजनी धरण' शोधून थेट भिंतीकडे जाऊ नका. दरवर्षी कोणी ना कोणी तसं जातं आणि कोरड्या डोळ्यांनी परत येतं.

आता आकडे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३१ कोटी लिटर. यातलं साधारण ६४ टीएमसी पाणी 'मृत साठा' म्हणून धरलं जातं आणि त्यावरचं ५३.५७ टीएमसी 'उपयुक्त साठा'. बातमीत जी टक्केवारी येते ती फक्त या उपयुक्त साठ्याची. त्यामुळे 'उजनी शून्यावर' याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा नाही. तेव्हाही खाली ६४ टीएमसी पाणी असतं. ते वापरायला काढलं की बातमी येते 'उजनी उणे वीस', 'उणे चाळीस'. उलट चांगल्या पावसाळ्यात धरण १११ टक्क्यांपर्यंत भरून घेतात, म्हणजे १२३ टीएमसीच्या पुढे.

हे पक्ष्यांच्या भाषेत असं वाचायचं. आकडा शंभराच्या वर असताना पाणी पार शेतांच्या बांधाला लागलेलं असतं. चिखलाची बेटं दिसत नाहीत. बदकं, कुरव (गल), सुरय (टर्न) असतात, पण रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, थोडा आणि लांब. हिवाळ्यात आवर्तनं सुटू लागली, आकडा उतरणीला लागला की काठ उघडे पडतात आणि गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार होतात. रोहिताला हवं असतं ते हेच. तो मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो, पायांनी गाळ ढवळतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत चोचीच्या कडेच्या गाळणीतून शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव गाळून घेतो. पाणी त्याच्या मापापेक्षा खोल गेलं की हे जेवण बंद.

वर्षावर्षात किती फरक पडतो याचं उदाहरण देते. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली आणि २०२४ च्या मे महिन्यात उणे साठच्या जवळ गेली. त्यानंतरच्याच पावसाळ्यात ती शंभरी ओलांडून भरली. म्हणजे एका वर्षी जो चिखल डिसेंबरमध्ये उघडा असेल, तो दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतही पाण्याखाली असू शकतो. मित्राने गेल्या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी हजार रोहित पाहिले म्हणून तुम्हीही त्याच तारखेला जावं, यात काही अर्थ नाही.

टक्केवारी वर्तमानपत्राच्या सोलापूर किंवा पुणे जिल्हा आवृत्तीत नेहमी येते. ती पाहिल्यावर एखाद्या नावाड्याला फोन करून दोनच प्रश्न विचारा : "गाळ उघडा पडलाय का?" आणि "रोहित होडीने किती वेळाच्या अंतरावर आहेत?" पक्षी आलेत का असं विचारलंत तर उत्तर 'या की, खूप आलेत' असंच येईल, आणि ते खोटंही नसेल.

महिना कोणता, वार कोणता

नवख्या माणसाने जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ धरावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बदकं आणि थंडी दोन्ही मजेत असतात, पण रोहितांचा भरवसा नसतो. मार्चच्या मध्यानंतर ऊन चढतं आणि दहा वाजताच हवेत अशी लाट उठते की दुर्बिणीतून सगळं थरथरताना दिसतं.

वार शक्यतो मधला. रविवारी सकाळी एकाच थव्याभोवती आठ-दहा होड्या गोळा होतात, आणि तेव्हा तुम्ही पक्षी कमी आणि दुसऱ्यांच्या लेन्स जास्त पाहता. सुट्टी रविवारचीच मिळत असेल तर शनिवारी मुक्कामाला जाऊन पहिल्या होडीने निघा.

रस्ता

पुण्याहून सोलापूर महामार्गाने यवत, पाटस, कुरकुंभ करत भिगवण साधारण शंभर किलोमीटर. पहाटे दोन तासांत पोहोचता येतं. भिगवणच्या पुढे डावीकडे वळून डिकसळ, कुंभारगावकडे जायचं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून पुण्यातून सव्वाचार-साडेचारला निघालं पाहिजे. बारामतीकरांना हे अगदी हाताशी. सोलापूरहून येणाऱ्यांना टेंभुर्णी, इंदापूर मार्गे दीडशेच्या आसपास किलोमीटर पडतात, त्यांनी मुक्कामच करावा.

रेल्वेने यायचं तर भिगवण स्टेशन दौंड-सोलापूर मार्गावर आहे. स्टेशन मुख्य गावापासून थोडं दूर आहे, त्यामुळे नावाड्याला आधी सांगून ठेवलं तर तो कोणाला तरी दुचाकी किंवा रिक्षा घेऊन पाठवतो.

नावाडी ठरवताना

इथल्या होड्या मुळात मासेमारीच्या. त्या चालवणारे बहुतेक जण भोई समाजातले, ज्यांचे वडील, आजोबा भीमेत जाळी टाकत होते. धरण झालं तेव्हा काठची कितीतरी गावं उठली. गावठाण, देवळं, विहिरी, मळे पाण्याखाली गेले आणि माणसं वर सरकून पुन्हा वसली. आज तुमची होडी ज्या पाण्यावरून जाते त्याच्या तळाशी कोणाचं तरी जुनं घर आहे. वयस्कर नावाडी असेल तर तो काठीने दाखवतो, "इथं आमचा मळा होता." त्याला विचारा, तो सांगतो. मला या जागेची ओळख पक्ष्यांच्या पुस्तकापेक्षा अशा गप्पांतून जास्त झाली.

होडी ठरवताना तीन गोष्टी आधी स्पष्ट करा. दर माणशी आहे की होडीचा. फेरी किती तासांची. आणि प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट मिळणार का. दोन तासांपेक्षा कमी फेरी घेऊ नका, जाण्यायेण्यातच पाऊण तास जातो. एका होडीत चार माणसं पुरे. सहा बसली की एकाने हात उचलला तरी दुसऱ्याचा फोटो जातो आणि होडीही जड होते.

दरावरून फार घासाघीस करू नका. हंगाम चार महिन्यांचा असतो. उरलेले आठ महिने जाळं, तेही मासळी असेल तर.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण. बाकी सगळं राहिलं तरी चालेल. तिच्यावर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. होडीसाठी आठ पटच चांगली. दहा किंवा बारा पट घेतली तर होडीचं हलणंही तितक्याच पटीने वाढतं आणि डोकं धरतं. नवी घेण्याआधी एखाद्या पक्षीमित्राची मागून घ्या. कॅमेरा असेल तर ३०० मिलिमीटर किंवा पुढची लेन्स लागते. नसेल तर मोबाइलने पक्ष्यांचा नाद सोडा आणि पाण्यावरच्या सूर्योदयाचे, होडीचे, जाळ्यांचे फोटो काढा. ते फार सुंदर येतात.

कपडे मातकट, हिरवट, राखाडी. पांढरा शर्ट आणि लाल टोपी घरी ठेवा. पहाटे पाण्यावर वारा बोचतो, म्हणून कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच, पण नऊनंतर ऊन पाण्यावरून उलटून तोंडावर येतं, म्हणून रुंद कडेची टोपी आणि सनस्क्रीनही हवं. पिण्याचं पाणी घरून. कॅमेरा, फोन ठेवायला प्लास्टिकची घट्ट बांधता येणारी पिशवी. पायात पटकन काढता येतील अशा चपला, कारण होडीत चढताना पाय चिखलात जाणारच.

बायकांसाठी आणि लहान मुलांच्या आयांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती कोणी सांगत नाही. होडीवर अडीच-तीन तास कुठलीही सोय नसते, काठावरही झाडोरा फारसा नाही. महामार्गावरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात किंवा मुक्कामाच्या घरी आधीच जाऊन या आणि मगच पाण्याकडे निघा.

होडीत

आता खरं काम. होडी काठावरून निघते तेव्हा मोटर चालू असते, आणि थवा लांबून दिसायला लागला की चांगला नावाडी ती आपणहून बंद करतो. त्यानंतर तो लांब बांबू तळाशी रोवत होडी ढकलत नेतो. त्याने मोटर बंद केली नाही तर तुम्ही सांगा, "दादा, इथूनच काठीने घ्या ना." वेळ जास्त लागेल म्हणून तो थोडा कुरकुरेल, पण ऐकेल.

होडी सरळ थव्याच्या तोंडावर न नेता तिरकी नेत राहायची आणि मध्ये मध्ये थांबायचं. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरायची. उभं राहायचं नाही, हात लांब करून दाखवायचं नाही. 'ते बघ!' हे कुजबुजत म्हटलं तरी पाण्यावर आवाज लांब जातो. अंतर किती ठेवायचं याची मीटरमधली फूटपट्टी मी देणार नाही, पक्षी स्वतः सांगतो. रोहित खाली मान घालून चरत असेल तर तुम्ही बरोबर जागी आहात. दोन-चार जणांनी माना ताठ केल्या, तर थांबा. सगळ्यांच्या माना वर आणि थवा एका दिशेला चालू लागला, तर तुम्ही फार पुढे आला आहात. होडी मागे घ्या. मागे घेतल्यावर दहा मिनिटांत ते पुन्हा चरायला लागतात, आणि कितीदा तर चरत चरत आपल्याच बाजूला सरकतात.

माझ्या पहिल्या फेरीत आमच्या होडीतल्या एकाने नावाड्याला म्हटलं, "मामा, जरा उडवा की, फोटो पाहिजे." मामांनी मोटर चालू केली आणि होडी थव्यात घातली. शेकडो रोहित पाण्यावर धावत सुटले, कारण त्यांना उडण्याआधी पळत वेग घ्यावा लागतो, आणि मग पंखांखालचा तो लाल-काळा रंग आकाशभर उघडला. दृश्य विलक्षण होतं आणि मीही कॅमेरा दाबत होते. मग थवा पार पलीकडच्या काठाला जाऊन उतरला, आमच्या मागच्या तीन होड्यांना काही दिसलं नाही, आणि मामा हळूच म्हणाले, "आता दुपारपर्यंत नाही यायचे." त्या दिवसापासून मी होडीत बसण्याआधीच सांगते की आम्हाला पक्षी उडवायचे नाहीत. असं तुम्हीही सांगा. पैसे देणाऱ्याने आधी सांगितलं की नावाड्यालाही बरं वाटतं; त्याला नाही म्हणण्याची वेळ येत नाही. हे पक्षी इथे खाऊन अंगात चरबी साठवायला येतात, तिच्या जोरावर त्यांना परत जायचं असतं. दिवसातून दहा वेळा उडवलं तर कमावलेलं सगळं त्या उडण्यातच जातं.

तीच गोष्ट खायला टाकण्याची. कुरवांना शेव, फरसाण टाकून होडीभोवती घिरट्या घालायला लावणं अनेक ठिकाणी चालतं. इथे ते करू नका, आणि शेजारच्या होडीतली मुलं करत असली तर त्यांना गोड बोलून थांबवा.

काय काय ओळखायचं

पहिल्याच दिवशी साठ नावं पाठ करायला जाऊ नका. दहा पुरेत.

रोहित तर ओळखता येतोच. त्यातही पाहा : काही गुलाबी, काही मळकट पांढरे-राखाडी. मळकट ती पोरं. गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जिवांतून अंगात उतरतो, त्याला वर्षं लागतात. इथे दिसतो तो बहुतेक मोठा रोहित, ज्याची चोच गुलाबी आणि टोक काळं. त्यांची आपल्याकडची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

पट्टकादंब हंस म्हणजे पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. तिबेट, मंगोलिया, लडाख इकडे वीण करून हिमालय ओलांडून येणारा. काठावरच्या हिरव्या कोंबांवर तो गुरासारखा चरताना दिसतो. चक्रवाक नारिंगी-बदामी रंगाचा, जवळपास नेहमी जोडीने. रात्री ताटातूट होणारी जोडी म्हणून आपल्या जुन्या काव्यांत ज्यांचा विरह आहे, ते हेच. प्रत्यक्षात त्यांचा आवाज चांगलाच करडा असतो.

चोच चमच्यासारखी असेल तर चमचा, अर्थातच. थापट्या बदकाची चोच थापीसारखी पसरट. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्या बाईला मी मनोमन नमस्कार करते, कारण हे नाव बाईनेच ठेवलं असणार. लांब लाल काड्यांसारखे पाय ते शेकाट्याचे. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा तो वारकरी. उजनीतून सुटलेलं पाणी भीमेने पंढरपूरला जातं, चंद्रभागेत वारकरी त्यातच न्हातात, आणि इथे धरणाच्या पाण्यावर हे काळे वारकरी शेकड्यांनी.

आणि वर पाहायला विसरू नका. सगळे रोहितांकडे पाहत असतात तेव्हा जाळ्यासाठी रोवलेल्या एखाद्या खुंटावर तपकिरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला एक शिकारी पक्षी मासा फाडत बसलेला असतो. तो कैकर. याचं जेवण जवळजवळ फक्त मासे. पाण्यावर हवेत थबकतो, पाय पुढे करून सूर मारतो आणि निसटता मासा धरता यावा म्हणून बाहेरचं बोट मागे वळवतो. खुंटावर बसलेला कैकर मोटर बंद असेल तर बऱ्यापैकी जवळ येऊ देतो. भिगवणचा माझा सगळ्यात आवडता क्षण रोहितांचा नाही, याचा आहे.

नावं जुळवायला फोनवर मर्लिन हे ॲप आधीच घरी उतरवून ठेवा, पाण्यावर नेटवर्कचा भरवसा नसतो. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकलीत तर ती अभ्यासकांच्याही कामी येते.

या पाण्याशी जपून

पोहायचं नाही. पाय सोडूनही बसायचं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमा या वाटेने इथेच येऊन थांबतं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार आणि दाट होतं, कडेला जलपर्णी साचते. इतके पक्षी दिसतात म्हणून पाणी चांगलं असेल, असं समजू नका. त्या सांडपाण्याने शेवाळ वाढतं आणि ते खाणारे काही पक्षीही वाढतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आपल्याच घरातलं पाणी शंभर किलोमीटरवर आपल्यासमोर परत येऊन उभं राहिलेलं असतं.

वाऱ्याची तर थट्टाच नको. सकाळी आरशासारखं असणारं हे पाणी दुपारनंतर, विशेषतः एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की, ओळखू येत नाही. विस्तार मोठा आणि आडोसा कुठेच नाही, त्यामुळे लाटा पटकन उठतात. २१ मे २०२४ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कळाशी आणि करमाळा तालुक्यातल्या कुगाव यांच्यामध्ये प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलंही होती. म्हणून जॅकेट अंगात घालून पट्टे आवळून बसा, मांडीवर ठेवू नका. पश्चिमेला ढग काळवंडले, वारा फिरला की फोटो राहू द्या, होडी काठाला घ्यायला सांगा. नावाडी 'काही होत नाही' म्हणाला तरी सांगा.

तिसरा धोका गाळाचा. पाणी ओसरलेल्या जागी वरून भेगाळलेली, टणक दिसणारी जमीन आत लोण्यासारखी असते. गाळपेर केलेली शेतं, गुरांची पायवाट सोडून एकट्याने चिखलात शिरू नका. पळसदेवच्या जुन्या मंदिराच्या ओढीने बरेच जण हे करतात. पळसनाथाचं हे प्राचीन मंदिर धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी फार उतरलेल्या वर्षी उन्हाळ्यात ते पुन्हा उघडं पडतं, शिखर, खांब, कोरीव दगड सगळं. ते पाहायला जरूर जा, फक्त पळसदेव गावातल्या माणसाला सोबत घेऊन आणि तो म्हणेल त्याच वाटेने. मंदिरातले सुटे दगड हलवू नका, त्यावर चढून फोटो नकोत.

जेवण आणि दुपार

साडेदहापर्यंत काठावर या. भुकेने जीव जातो तेव्हा. भिगवणच्या परिसरात मासळी खायलाच लोक लांबून येतात. चिलापी सगळ्यात जास्त मिळते, तळलेली मागवा. मरळ किंवा वाम मिळाली तर रस्सा आणि बाजरीची भाकरी. कुंभारगाव, डिकसळकडे काही घरांत आधी सांगितलं तर जेवण करून देतात, आणि हॉटेलपेक्षा मला ते बरं वाटतं. मासे न खाणाऱ्यांनी पिठलं-भाकरी, ठेचा सांगून ठेवावा, पण तो फोन आदल्या दिवशीच करावा.

अंगात जोर उरला असेल तर दुपारी इंदापूर तालुक्यातल्याच कडबनवाडीच्या माळरानाकडे वळता येतं. तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे, हिवाळ्यात माळावरून खाली तरंगत जाणारे भोवत्या ससाणे आहेत. वनखात्याची परवानगी घेऊनच जायचं, गाडी माळावर वाटेल तिथे घालायची नाही. पण पहिल्याच खेपेला दोन्ही करू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा जेवून तासभर झोपा आणि साडेतीनला पुन्हा काठावर, होडी न घेता, नुसती दुर्बीण घेऊन बसा. ऊन कलायला लागलं की पाणकावळे रांगेने परततात, काळपट, वाकड्या चोचीच्या मोरशराटींचे थवे वाकडी रेघ ओढत जातात, आणि काठावर कोणी नसेल तर शेकाटे वीस पावलांवर येतात.

अंधार पडायच्या आत मात्र निघा. हे गाळपाचे दिवस असतात, आणि डिकसळपासून महामार्गापर्यंतच्या अरुंद रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकला गेलेला असतो. सकाळपासून ज्या पाण्यावर फिरलात ते टक्क्याटक्क्याने जातं कुठे, ते त्या ट्रॉल्यांवर लादलेलं असतं. मागे राहा, हॉर्न वाजवू नका, मोकळा रस्ता मिळाला की मगच पुढे काढा.